ड्रिल मशीनच्या टेबलावर जॉब कसा बांधायचा : क्लॅम्पची निवड, बांधण्याचा क्रम आणि नेहमीच्या चुका

"एकच तर भोक आहे, धर हाताने." हे वाक्य मी इतक्या शेडमध्ये ऐकलं आहे की आता ऐकलं की आधी मशीन बंद करतो आणि मगच बोलतो. माझ्या उजव्या मनगटावर एक आडवा व्रण आहे. सव्वा एमएमच्या पत्र्याचं एक झाकण मी डाव्या हाताने टेबलावर दाबून धरलं होतं आणि उजव्या हाताने हँडल ओढत होतो. ड्रिल पत्र्याच्या पार जाताना अडकलं, झाकण हातातून सुटून फिरलं आणि दुसऱ्याच फेऱ्यात मनगटावर बसलं. बाजूच्या खिळ्याला दोन क्लॅम्प टांगलेले होते.

हाताने धरणं धोक्याचं आहे, हे आता बहुतेकांना पटतं. तरी क्लॅम्प लावूनही जॉब, म्हणजे भोक पाडायचा तुकडा, सरकतो, भोक वाकडं जातं, ड्रिल मोडतं. कारण जवळ पडलेला क्लॅम्प उचलून, हाताला येईल तिथे लावून, पाना जोरात ओढला जातो. इथे क्रमाने सांगतो. क्रम बदलू नका, कारण प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याचं काम हलकं करतो.

## आधी हे समजून घ्या : जॉबवर तीन जोर येतात

पहिला जोर खाली. हँडल ओढलं की ड्रिल जॉबला टेबलावर दाबतं. हा जोर आपल्या बाजूचा आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

दुसरा जोर फिरवण्याचा. वरून पाहिलं तर ड्रिल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं आणि जॉबलाही त्याच दिशेने ओढतं. किती, ते एकदा हिशोबाने पाहा. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे साधारण 370 वॉट. स्पिंडल, म्हणजे ड्रिल फिरवणारा दांडा, मिनिटाला 500 फेरे फिरत असेल, तर मोटर पूर्ण ताकदीवर असताना पीळ येतो सुमारे 7 न्यूटन-मीटर. भोकापासून 10 सेंटिमीटरवर धरलं तर हातावर 7 किलोचा जोर, आणि छोटा तुकडा अडीच सेंटिमीटरवर धरला तर 28 किलोचा. ड्रिल अचानक अडकलं, तर फिरत्या पुल्या आणि रोटरचा हिसका त्यात भर घालतो. 28 किलोचा हिसका बोटांनी रोखता येत नाही.

यातली एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. पट्टा हळू स्पीडच्या पुलीवर टाकला की पीळ वाढतो. 1500 फेऱ्यांवर तीच मोटर 500 च्या तुलनेत एक तृतीयांश पीळ देते. हळू फिरणारं मशीन डोळ्याला गरीब दिसतं, पण जॉब जास्त जोराने ओढतं. मोठं ड्रिल हळू स्पीडवरच चालवायचं असतं, म्हणून मोठ्या भोकाला बांधणीही तितकीच भक्कम हवी.

तिसरा जोर वर. ड्रिलचं टोक जॉबच्या पार निघालं की समोरचा अडथळा एकदम कमी होतो, पण हात त्याच जोराने दाबत असतो. ड्रिल पुढे घुसतं, त्याचे पिळे उरलेल्या कडेत स्क्रूसारखे अडकतात आणि जॉब वर चढतो. पातळ पत्रा आणि पितळ या बाबतीत सगळ्यात वाईट.

क्लॅम्प निवडायचा तो दुसऱ्या आणि तिसऱ्या जोरासाठी.

## टप्पा 1 : मशीन आणि टेबल पक्कं करा

क्लॅम्प शोधायच्या आधी ही चार कामं.

बेंच ड्रिल असेल तर त्याचा बेस बाकाला बोल्टने आवळलेला हवा. नुसतं ठेवलेलं मशीन जॉब अडकला की जॉबसकट कलंडतं, कारण वरचं डोकं जड असतं.

टेबलाची उंची आत्ताच ठरवा. ड्रिल चकमध्ये (ड्रिल धरणाऱ्या जबड्यात) लावा आणि टोक जॉबच्या वर 10-15 मिलिमीटर राहील इतकं टेबल वर आणा. नंतर वरखाली करायला गेलात की साध्या कॉलमवर टेबल हमखास थोडं फिरतं आणि सेंटर जातो.

कॉलमवरचा टेबलाचा लॉक आवळा. तिरकं होणारं टेबल असेल तर खालचा बोल्टही आवळा. मग चकमध्ये एक सरळ गोल सळई धरून तिला दोन बाजूंनी गुण्या लावा. सळई आणि गुण्या यांच्यात उजेड दिसला तर टेबल काटकोनात नाही. अशा टेबलावर कितीही नीट बांधलेला जॉब तिरकंच भोक देणार.

चौथं काम झाडून घेण्याचं. टेबल आणि त्यातल्या खाचा (टी-स्लॉट) ब्रशने साफ करा. जॉबखाली एक चिप (कापलेल्या धातूचा कीस) राहिली तर जॉब तिच्यावर डुलतो, आणि पाना आवळताना "घट्ट बसला" असं वाटत राहतं.

तपासा : टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा. जरा जरी हललं तर पुढे जाऊ नका.

## टप्पा 2 : टेबलात काय बसतं ते मोजा

सगळ्या टेबलांना खरे टी-स्लॉट नसतात. मोठ्या पिलर ड्रिलच्या टेबलात उलट्या टी-आकाराच्या खाचा असतात. छोट्या बेंच ड्रिलच्या टेबलात बऱ्याचदा नुसत्या आरपार चिरा असतात. दोन्हींचं सामान वेगळं.

टी-स्लॉटची वरची रुंदी कॅलिपरने मोजा. प्रमाणित मापं अशी जुळतात : 10 मिलिमीटरच्या स्लॉटला एम 8 चा (8 मिलिमीटर व्यासाचा) बोल्ट, 12 ला एम 10, 14 ला एम 12 आणि 18 ला एम 16. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत क्लॅम्पिंगचा सेट घ्यायला जाल तेव्हा हे माप लिहून न्या. "बेंच ड्रिलला चालेल असं द्या" म्हटलं तर घरी येऊन स्लॉटात न जाणारा टी-नट (स्लॉटात सरकवायचा नट) हातात राहतो.

आरपार चिरा असतील तर साधा हेक्स बोल्ट खालून वर घाला आणि डोक्याखाली चिरेच्या दोन्ही कडांवर नीट टेकेल असा जाड, मोठा वॉशर द्या. पत्र्याचा पातळ वॉशर चिरेत दबून वाकतो आणि पकड ढिली पडते. वॉशर मिळाला नाही तर 8-10 एमएम जाडीच्या पट्टीचा चौकोनी तुकडा भोक पाडून वापरा.

बोल्ट 8.8 ग्रेडचे घ्या. तो आकडा डोक्यावर उठवलेला असतो.

सावध : टी-नटमध्ये स्टड (बिनडोक्याचा, आटे असलेला बोल्ट) फिरवताना तो नटाच्या खालून बाहेर येता कामा नये. बाहेर आलेलं टोक स्लॉटच्या तळाला टेकतं, आणि वरून नट आवळला की स्टड जॅकसारखं काम करून स्लॉटची ओठी वर उचलतो. टेबल बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं असतं. बीड वाकत नाही, तडकतं. चांगल्या टी-नटाचे शेवटचे आटे म्हणूनच मुद्दाम दाबलेले असतात. स्टड तिथे अडतो, तो जोर लावून पुढे नेऊ नका.

## टप्पा 3 : जॉब पाहून क्लॅम्प ठरवा

पट्टी, प्लेट, अँगल, चॅनेल. सगळ्यात जास्त काम याचंच असतं आणि त्याला क्लॅम्प पट्टी, म्हणजे स्लॉट असलेली जाड पट्टी, टी-बोल्ट आणि मागचा टेकू, हीच जोडी योग्य. जॉब टेबलाच्या कडेपर्यंत येत असेल तर सी-क्लॅम्पही चालतो. मात्र सी-क्लॅम्प लावण्याआधी टेबलाच्या खालून हात फिरवून पाहा. तिथे आडव्या फासळ्या असतात. स्क्रूची टिकली फासळीच्या उतारावर टेकली तर मशीनच्या थरथरीने घसरत जाते. सपाट जागा मिळत नसेल तर त्या टेबलावर सी-क्लॅम्पचा विचार सोडून द्या. भोकाची जागा कडेपासून किती आत आहे तेही मोजा, कारण 4 इंची क्लॅम्पचा गळा फार आत पोचत नाही.

छोटे ठोकळे. मशीन व्हाइस, म्हणजे दोन जबड्यांत जॉब धरणारी पकड. पण व्हाइससुद्धा टेबलाला बोल्टने बांधायचा, हे अर्ध्या लोकांकडून राहून जातं. व्हाइस जड आहे म्हणून तो फिरणार नाही, असं नाही. 12 मिलिमीटरचं ड्रिल अडकलं की सुटा व्हाइस जॉबसकट फिरतो आणि तो अंगावर आला तर नुसत्या पट्टीपेक्षा कितीतरी वाईट.

गोल सळई, पाइप, शाफ्ट. व्ही-ब्लॉक, म्हणजे वर व्ही-आकाराची खाच असलेला ठोकळा, आणि त्यावर क्लॅम्प पट्टी. गोल जॉब व्हाइसच्या सपाट जबड्यांत धरला तर पकड दोन बारीक रेषांवर राहते आणि जॉब स्वतःभोवती फिरू शकतो. लांब शाफ्टला एकाच जोडीतले दोन व्ही-ब्लॉक घ्या. वेगवेगळ्या ठिकाणचे दोन ब्लॉक क्वचितच सारख्या उंचीचे असतात. पातळ पाइप असेल तर आत घट्ट बसणारा लाकडी गोल तुकडा घाला, नाहीतर पकडीखाली पाइप चपटा होतो.

पत्रा. याला वेगळी बांधणी लागते, ती टप्पा 6 मध्ये.

ओतीव जॉब. बिडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या कच्च्या ओतिवाचा तळ कधीच सपाट नसतो. तो तीन ठिकाणी टेकवा. चार ठिकाणी टेकवला तर डुलतो, आणि आवळला की पिळतो. कोल्हापूरकडे फाउंड्रीचं काम करणाऱ्या मंडळींच्या हे अंगवळणी पडलेलं असतं. फॅब्रिकेशनमधून आलेला माणूस मात्र चारही कोपऱ्यांत पॅकिंग सरकवून मोकळा होतो.

एकसारखे पन्नास-शंभर नग. एका पक्क्या बोर्डावर किंवा प्लेटवर अडसर लावा, टॉगल क्लॅम्प (दांडा दाबताच आवळणारा) बसवा, आणि ती प्लेट टेबलाला बांधा. टॉगल क्लॅम्पने नग पटापट बदलता येतात, पण फिरण्याचा जोर अडसराने घ्यायला हवा. नुसत्या टॉगलच्या रबरी टोकाने 10 एमएमचं ड्रिल रोखलं जात नाही.

## टप्पा 4 : पाना हातात घेण्याआधी अडसर लावा

माझं ठाम मत आहे की ही पायरी क्लॅम्पपेक्षाही महत्त्वाची आहे. क्लॅम्प जॉबला घर्षणाने धरतो. टेबलावर तेल किंवा कूलंट असेल तर ते घर्षण बरंच उतरतं. अडसराला घर्षण लागत नाही. तो मधे उभा असतो आणि जॉबला फिरायला वाटच राहत नाही.

मशीनसमोर उभे राहा. कॉलम समोर, मागच्या बाजूला. ड्रिल घड्याळाच्या दिशेने फिरतं, म्हणजे जॉबचं डावं टोक मागे, कॉलमकडे जातं आणि उजवं टोक पुढे, तुमच्या पोटाकडे येतं. म्हणून :

1. जॉबचा लांब भाग नेहमी डावीकडे ठेवा.
2. डाव्या टोकाच्या मागच्या कडेला लागून एक बोल्ट टी-स्लॉटात उभा करून आवळा. जॉब त्याला टेकून बसू द्या.
3. जॉब पुरेसा लांब असेल तर त्याची मागची कड कॉलमच्या डाव्या अंगाला टेकेल असा ठेवा. कॉलमइतका भक्कम अडसर दुसरा नाही.
4. व्हाइस असेल तर त्याचं हँडल डावीकडे आणि व्हाइसच्या मागे बोल्ट.

अडसर भोकापासून जितका लांब, तितका त्याच्यावर भार कमी. मघाचा हिशोब आठवा : अडीच सेंटिमीटरवर 28 किलो, तर 25 सेंटिमीटरवर तीनच किलोच्या आसपास.

तपासा : जॉब अजून मोकळा आहे. भोकाच्या जागी एका हाताने दाबून धरा आणि उजवं टोक स्वतःकडे ओढा. डावं टोक अडसरावर टक्क अडलं पाहिजे. ओढल्यावर जॉब फिरला, तर अडसर चुकीच्या बाजूला लागला आहे.

## टप्पा 5 : क्लॅम्प पट्टी बांधण्याची रीत

इथे थोडा वेळ द्या. सर्वाधिक चुका इथल्याच.

क्लॅम्प पट्टी ही एक तरफ आहे. एक टोक जॉबवर, दुसरं टोक मागच्या टेकूवर, आणि मधे बोल्ट. बोल्टने दिलेला जोर दोन टोकांत वाटला जातो, आणि बोल्ट ज्या टोकाच्या जवळ असेल त्याला मोठा वाटा मिळतो. समजा जॉब ते टेकू हे अंतर 120 मिलिमीटर आहे. बोल्ट जॉबपासून 40 वर असेल तर दोन तृतीयांश जोर जॉबवर जातो. तोच बोल्ट जॉबपासून 80 वर गेला तर जॉबला मिळतो एक तृतीयांश, बाकीचा सगळा टेकू दाबण्यात जातो. पाना तितकाच ओढलेला, घामही तितकाच, पण पकड निम्मी. बोल्ट जॉबच्या जवळ, टेकू लांब. एवढं कायम लक्षात ठेवा.

टेकूची उंची ही दुसरी गोष्ट. टेकू जॉबच्या बरोबरीने किंवा केसभर उंच हवा. टेकू बुटका असला की पट्टी मागे कलते, तिचं टोक जॉबच्या अगदी कडेवर टेकतं आणि जॉबला बाहेर ढकलतं. आवळता आवळता जॉब सेंटरवरून सरकतो तो बहुतेक याच कारणाने. स्टेप ब्लॉक (पायऱ्या असलेले टेकू) असतील तर एक पायरी वर घ्या. नसतील तर जॉबच्याच मटेरियलचा तुकडा टेकू म्हणून वापरा आणि वर पत्र्याची एक चकती ठेवा, उंची आपोआप जुळते. टेकूसाठी नटांची चळत लावू नका, मऊ लाकूडही नको. नट सरकतात आणि लाकूड दबतं.

तिसरी गोष्ट, जी अनुभवी माणसंसुद्धा विसरतात : जॉबवर जिथे क्लॅम्प दाबतो, त्याच्या बरोबर खाली जॉबला आधार हवा. ड्रिल टेबलात जाऊ नये म्हणून आपण जॉबखाली दोन पॅकिंग देतो आणि क्लॅम्प मात्र दोन पॅकिंगच्या मधे, पोकळीवर आवळतो. पट्टी खाली वाकते, वाकलेल्या अवस्थेत भोक पडतं आणि क्लॅम्प सोडला की पट्टी सरळ होऊन भोक तिरकं होतं. मग दोष ड्रिलच्या धारेला दिला जातो.

चौथी : क्लॅम्प दोन लावा. एकच क्लॅम्प लावला की तो खिळा होतो आणि जॉब त्याच्याभोवती फिरू शकतो. भोकाच्या दोन्ही बाजूंना एकेक क्लॅम्प, आणि शक्यतो भोक त्यांच्या मधोमध. छोट्या जॉबला दुसऱ्या क्लॅम्पसाठी जागाच नसेल, तर एक क्लॅम्प आणि दोन अडसर.

फिनिश केलेल्या पृष्ठभागावर क्लॅम्प लावायचा असेल तर मधे ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा तुकडा ठेवा. जॉब आणि टेबल दोन्ही घासलेले गुळगुळीत असतील तर मधे साध्या कागदाचा एक थर द्या. कागद पकड वाढवतो. हे सांगितलं की नवे लोक चकित होतात, करून पाहिलं की मग सोडत नाहीत.

क्लॅम्प पट्ट्या विकतच घ्यायला हव्यात असं नाही. 32×12 ची एमएस (साध्या पोलादाची) पट्टी, 120 ते 150 मिलिमीटर लांब, एम 12 साठी 13 ची आणि एम 10 साठी 11 ची, लांबीच्या दिशेने खाच. पुढचं टोक खालून थोडं गोलसर कानसून घ्या. नटाखाली मात्र जाड वॉशर हवा, कारण साधा वॉशर खाचेत वाटीसारखा दबतो.

सावध : स्टड नटाच्या वर दोन-तीन आट्यांपेक्षा जास्त येऊ देऊ नका. उंच उभा राहिलेला स्टड फिरत्या चकला लागतो.

## टप्पा 6 : पत्रा, व्ही-ब्लॉक, व्हाइस यांची खास काळजी

पत्रा का अडकतो ते आकड्यातून कळतं. नेहमीच्या 118 अंशांच्या ड्रिलची टोकदार बाजू व्यासाच्या सुमारे 0.3 पट उंच असते. म्हणजे 10 एमएमच्या ड्रिलला 3 मिलिमीटरचं टोक. पत्रा 3 मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर ड्रिलच्या पूर्ण धारा आत बसायच्या आतच टोक पार निघून गेलेलं असतं. ड्रिलला मध्यभागी धरायला काहीच उरत नाही. ते थरथरतं, भोक तिकोनी पडतं, आणि शेवटी पत्रा पिळ्यावर चढतो.

म्हणून पत्र्याचं सँडविच करा. खाली 12-18 एमएमचा प्लायवूड, त्यावर पत्रा, आणि शक्य असेल तर वर 6 एमएमच्या प्लायचा दुसरा तुकडा. हे सगळं मिळून दोन क्लॅम्पने आवळा. वरचा प्लाय ड्रिलला वाट देतो, खालचा टोकाला धरून ठेवतो. क्लॅम्प भोकाच्या जितके जवळ येतील तितके आणा, कारण लांबून आवळलेला पत्रा मधे फुगतो. भोक 8 मिलिमीटरपेक्षा मोठं असेल तर स्टेप ड्रिल (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारं) वापरा.

व्ही-ब्लॉकमध्ये गोल जॉबचा मध्य शोधताना नजरेवर विसंबू नका. आधी टेबल आणि व्ही-ब्लॉक स्पिंडलच्या बरोबर खाली आणा : चकमध्ये टोकदार सळई धरून ती रिकाम्या व्हीच्या तळाशी उतरवा, आणि तिथे ब्लॉक बांधून टाका. मग शाफ्ट ठेवा. आता भोकाची रेषा शाफ्टच्या मध्यातूनच जाणार. हा क्रम उलटा केला की तासभर हातोडीने ठोकत बसावं लागतं.

व्हाइसमध्ये ठोकळा दोन सारख्या पॅरललवर (सारख्या उंचीच्या सपाट पट्ट्यांवर) ठेवा. जबडा आवळला की हलता जबडा किंचित वर उचलतो आणि जॉबही त्याच्याबरोबर. प्लॅस्टिकच्या किंवा तांब्याच्या हातोडीने जॉब खाली ठोका, मग पॅरलल बोटाने सरकवून पाहा. दोन्ही घट्ट असतील तर जॉब बसला. एक जरी मोकळा फिरला तरी पुन्हा ठोका. ठोकल्यानंतर हँडल आणखी आवळू नका, जॉब परत उचलतो. आणि पॅरलल भोकाच्या वाटेत नाहीत ना, ते पाहा.

## टप्पा 7 : सेंटर जुळवा, मग आवळा, मग पुन्हा जुळवा

1. पंच मारलेला, म्हणजे भोकाच्या जागी टोचून खळगा केलेला, जॉब अडसराला टेकवून ठेवा. क्लॅम्पचे नट हाताने लागतील तेवढेच लावा.
2. मेन स्विच बंद असताना ड्रिल खाली आणून टोक पंचात बसवा. चक हाताने एक फेरा फिरवा. टोक पंचात राहत असेल आणि ड्रिल बाजूला वाकत नसेल तर सेंटर जुळला.
3. ड्रिल पंचात असतानाच पहिला नट अर्धा आवळा, मग दुसरा अर्धा. मग पहिला पूर्ण, दुसरा पूर्ण. एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे गेलात तर जॉब पिळतो.
4. ड्रिल वर घ्या, पुन्हा खाली आणा. पंचात सरळ बसतंय का? आवळताना जॉब सरकणं अगदी नेहमीचं आहे. सरकला असेल तर दोन्ही नट ढिले करून क्रमांक 2 पासून सुरुवात. हातोडी मारून आवळलेला जॉब सरकवू नका.
5. पान्याला पाइप लावून लांब करू नका. साध्या पान्याने पुरेशी पकड येत नसेल तर बोल्टची जागा चुकली आहे, टप्पा 5 पाहा.

## टप्पा 8 : मशीन सुरू करण्याआधीची तपासणी

ड्रिल चकमधून काढा आणि पूर्ण खोलीला चक जिथवर येईल तिथवर उतरवून पाहा : चकची कड कुठल्या नटाला, स्टडला किंवा क्लॅम्प पट्टीला लागते का? फीडचं हँडल पूर्ण फिरताना क्लॅम्पवर आदळतं का? भोकाच्या खाली टेबलाचं मधलं छिद्र किंवा लाकूड आहे का? डेप्थ स्टॉप (ठरलेल्या खोलीवर ड्रिल अडवणारा अडसर) लावला का?

खडूने जॉबच्या कडेला लागून टेबलावर एक रेघ मारा. ही रेघ फार उपयोगी आहे. 2-3 मिलिमीटर भोक पडलं की थांबून तिच्याकडे पाहा. जॉब रेघेवरून जरा जरी सरकला असेल तर बांधणी फसली आहे, आणि ते कळायची योग्य वेळ हीच. पार जाताना कळून उपयोग नसतो.

हातमोजे काढा. क्लॅम्प लावताना घालायचे असतील तर घाला, पण मशीन सुरू करताना हातात नकोत. फिरत्या ड्रिलमध्ये मोज्याचा धागा अडकला की हात मागोमाग जातो. ओढणी, गळ्यातला गमछा, सैल बाही, बांगडी, कडं यांचंही तसंच. गॉगल लावा. चकची चावी चकमध्ये राहिलेली नाही ना, तेही पाहा.

तपासा : जॉबचं मोकळं टोक अंगठ्याने जोरात ढकला, मग हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकं ठोका. आवाज भरीव यायला हवा. खडखड आली तर खाली पोकळी आहे.

## टप्पा 9 : भोक पाडताना आणि दुसऱ्या भोकाकडे जाताना

पार जाण्याच्या जरा आधी हात हलका करा. चिप्सचा आकार बदलतो, आवाज बदलतो. दहा-बारा भोकांत कानाला ते कळायला लागतं. तोपर्यंत डेप्थ स्टॉपवरचं माप पाहून हात सैल सोडा. पितळ असेल तर ड्रिलच्या धारेचा पुढचा चेहरा दगडाने किंचित सपाट करून घ्या म्हणजे ते मटेरियल ओढून घेत नाही. हे न करता कितीही क्लॅम्प लावलेत तरी पितळ हिसका देतंच.

जॉब अडकून फिरायला लागलाच, तर त्याला पकडायला हात पुढे करू नका. हँडल सोडा, मागे सरा, स्विच बंद करा. म्हणूनच स्विच डाव्या हाताला सहज पोचेल असा असावा. जॉबवरून हात पलीकडे न्यावा लागेल अशा जागी नको.

एकाच प्लेटमध्ये अनेक भोकं असतील तर पहिलं भोक झाल्यावर त्यातून एक बोल्ट किंवा पिन टेबलाच्या स्लॉटात उतरवता येतो का पाहा. तो अडसर झाला. मग पुढच्या भोकाला पकड दुप्पट विश्वासाची मिळते. फक्त दर वेळी टेबल फिरवलंत तर टेबलाचा लॉक पुन्हा आवळा. पाचव्या-सहाव्या भोकाला तो विसरला जातो.

दोन-तीन पट्ट्या एकावर एक ठेवून एकदम भोक पाडत असाल तर आधी प्रत्येक पट्टीची बर (कापताना कडेला उरलेली धार) कानसून काढा. बर राहिली की पट्ट्यांत फट राहते, फटीत चिप शिरते आणि खालच्या पट्टीतलं भोक सरकलेलं निघतं.

## टप्पा 10 : सोडताना

मशीन बंद, ड्रिल पूर्ण थांबलेलं, स्पिंडल वर. मगच पाना. जॉब जड असेल किंवा टेबलाबाहेर लोंबत असेल तर आधी त्याखाली हात नाही, टेकू द्या. नट सुटताच जॉब खाली येतो. दोन्ही नट आधी थोडे ढिले करा, मग एकेक काढा. भोकाच्या खालच्या कडेला धारदार बर असते. जॉब उचलताना बोटं त्याच कडेवर जातात. चिप्स ब्रशने काढा, हाताने किंवा फुंकून नाही. शेवटी टी-स्लॉट झाडा, बोल्ट-नटांच्या आट्यांना तेलाचा हात लावा, आणि सगळे क्लॅम्प मशीनच्या डाव्या बाजूला, उभ्या उभ्या हात पोचेल अशा उंचीवर खिळ्याला टांगा. पेटीत तळाशी गेलेला क्लॅम्प "एकच तर भोक आहे" म्हणताना कोणी काढत नाही.